अंधारातले उद्योग

सी विंगमधल्या त्या निवृत्त बँकवाल्या काकांकडे हल्ली रात्री साडेनऊ वाजले की सगळे दिवे जातात. वीज गेलेली नसते, समोरच्या बिऱ्हाडात मालिका जोरात चालू असते. काका मुद्दाम घालवतात. मग देवघरातली समई दिवाणखान्यात येते, काकूंना तिच्या शेजारी बसवलं जातं आणि "मान थोडी डावीकडे... हं, आता हात वर घे, तान घेतेयस असा... हलू नकोस!" असे आवाज पार जिन्यापर्यंत येतात. जिन्यात उभं राहून ऐकायची आम्हाला हौस नाही. लिफ्टच यायला वेळ लावते, त्याला आमचा काय इलाज?

चौकशी केली. करावी लागते, सोसायटीच्या अब्रूचा प्रश्न असतो. निष्पन्न असं झालं की काका मैफलींचे फोटो काढायला शिकतायत. क्लास नाही, गुरू नाही, वय बासष्ट. काकू म्हणजे रियाजाचं साधन. एका बैठकीत कॅमेऱ्यातली एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि फरक वहीत टिपायचा, असा त्यांचा शिस्तशीर कार्यक्रम आहे. बँकेतली सवय. काकू म्हणतात, "तीस वर्षांत माझ्याकडे इतकं टक लावून पाहिलं नव्हतं." तक्रार होती की कौतुक, ते आम्हाला ठरवता आलं नाही.

हे एका घरापुरतं असतं तर आम्ही तोंड उघडलं नसतं. पण साथ पसरली आहे. दिवाळी पहाटेला उजाडायच्या आत पहिल्या रांगेच्या कोपऱ्यात मांडी घालून कोण बसलेलं असतं? हेच. डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाच्या मंडपात, खाण्याच्या स्टॉलांकडे ढुंकूनही न बघता, खांबाला टेकून कोण उभं असतं? हेच. १९५३ साली भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला, रमणबागेतून तो आता मुकुंदनगरला गेला, रात्ररात्रभर चालायचा तो नियमांमुळे वेळेत आवरू लागला. एवढी स्थित्यंतरं पुण्यानं सोसली. पण शेजारचा माणूस गाणं ऐकायचं सोडून "जरा पिवळा मारतोय" असं पुटपुटतो, हे सोसायचं कसं?

आणि भाषा! परवा कट्ट्यावर दोन सभ्य दिसणारी माणसं बोलताना आम्ही ऐकली. एक म्हणाला, "मी तर सरळ सहा हजार चारशेपर्यंत गेलो." दुसरा म्हणाला, "घरी माहितेय?" आम्हाला वाटलं शेअर बाजार. आयएसओ निघालं. म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पडलेल्या प्रकाशातून मिळालेला संदेश किती वाढवून घ्यायचा, त्याचा आकडा. वाढवला की चित्रावर दाणे दिसू लागतात, म्हणून नवखी माणसं भीत भीत आठशेवर थांबतात. मग अंधारलेला फोटो घरी आणून संगणकावर उजळतात आणि दाणे दुप्पट करून ठेवतात. जुनी खोडं सांगतात की दाणे मुख्यतः प्रकाश कमी पडल्यामुळे येतात, आकड्याला उगाच शिव्या देऊ नका. तिथेच आकडा वाढवून चेहरा नीट उजळलेला घेतलात तर चित्र जास्त स्वच्छ मिळतं. निर्लज्जपणाचं हे शास्त्रोक्त समर्थन ऐकून आम्ही चहा तसाच टाकून उठलो.

पैशांचं तर विचारूच नका. सुरुवात निरागस असते. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली अठरा-पंचावन्नची लेन्स घेऊन माणूस मैफलीला जातो आणि गवयाच्या जागी एक हलता ढग घेऊन घरी येतो. दोष त्याचा नसतो. ती लेन्स लांबच्या टोकाला एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. मग कोणीतरी कानात सांगतं, "पन्नासची घे, एफ १.८ ची." आकड्यांचा हिशेब असा की एफ १.८ ला एफ ५.६ च्या जवळपास दहापट प्रकाश आत येतो. दहापट! शटर जिथे १/२० सेकंदावर कुथत होतं तिथे १/२०० मिळतं आणि ढगाचा पुन्हा गवई होतो. ही लेन्स त्या मानानं स्वस्त असते, म्हणून घरात फारशी ओरड होत नाही. पण तिथेच पाय घसरतो. चार महिन्यांत सत्तर-दोनशेची, एफ २.८ वाली, लाखांच्या घरातली पांढरी किंवा काळी तोफ स्वप्नात येऊ लागते. एका गृहस्थांनी ती "ऑफिसची आहे" असं सांगून कपाटात ठेवली आहे. नाव आम्ही घेणार नाही. त्यांच्या बायकोनं विचारलं, तर मात्र घेऊ.

बरं, इतका खर्च करून कॅमेरा तरी साथ देतो का? मुळीच नाही. कॅमेऱ्याला मैफल कळतच नाही. त्याला समोरचं सगळं सरासरी करड्या रंगाचं हवं असतं. काळ्या पडद्यासमोर पांढऱ्या झब्ब्यात बसलेला गायक दिसला की तो घाबरतो, "फार अंधार आहे" म्हणून सगळं उजळवतो आणि गायकाचा चेहरा पिठासारखा करून टाकतो. त्यामुळे ही मंडळी कॅमेऱ्याच्या अकलेवर विश्वास टाकत नाहीत. फक्त चेहऱ्यापुरता प्रकाश मोजतात, सगळे आकडे हातानं ठरवतात आणि तसेच ठेवतात. शास्त्रीय गाण्याच्या मंचावरचे दिवे सहसा तासभर तसेच राहतात, म्हणून हे जमतं. 'स्वयंचलित'साठी एवढे पैसे मोजायचे आणि पहिल्या दिवशी ते बंद करायचं, असा हा व्यवहार.

त्यात दिवेवाल्यांनी एलईडी आणले. पूर्वी पिवळ्या दिव्यांत माणूस निदान माणसाच्या रंगाचा दिसायचा. आता आयोजकांना भैरवीला निळा आणि अभंगाला जांभळा हवा असतो. सेन्सरवरच्या टिपक्यांपैकी साधारण अर्धे हिरव्याचे, पाव लाल आणि पाव निळ्याचे. शुद्ध निळा प्रकाश टाकला की त्यातले पावच काय ते कामाला लागतात आणि तेही भरून वाहतात. चेहऱ्याच्या जागी निळी थाळी येते, नाक कुठे संपलं आणि गाल कुठे सुरू झाला काही कळत नाही. यावर या लोकांनी काढलेला तोडगा ऐका: फोटो कृष्णधवल करायचा आणि खाली 'आर्त' असं लिहायचं. लोक वा वा करतात. त्या आर्ततेचं मूळ दिवेवाल्याच्या हौसेत आहे, हे आम्ही आज फोडतो आहोत.

आणखी एक भानगड आहे, आणि ती खरोखरच धर्मसंकटाची. जुन्या धाटणीच्या कॅमेऱ्यात आरसा वर-खाली होतो, खटॅक. विलंबित ख्याल, गायिका षड्जावर स्थिरावते आहे, तंबोऱ्यांची आस भरून राहिली आहे, आणि मागून खटॅक-खटॅक-खटॅक! पुढच्या रांगेतल्या आजी वळून अशा बघतात की माणसानं कॅमेरा गहाण टाकावा. उपाय म्हणून आरसाच नसलेला मिररलेस घ्यावा आणि मूक शटर लावावं, तर हे मूक शटर सेन्सर एका ओळीमागून एक असं वाचतं आणि मंद केलेले एलईडी दिवे मात्र सेकंदाला शेकडो-हजारो वेळा लागत-विझत असतात. डोळ्यांना पत्ता नाही, पण फोटोत उस्तादजींच्या अंगावर आडवे पट्टे! म्हणजे खटॅक केलं तर आजी बघतात, नाही केलं तर उस्ताद तुरुंगातून सुटून आल्यासारखे दिसतात. दिवे साध्या विजेच्या ठोक्यानं लुकलुकत असतील तर आपल्याकडच्या पन्नास हर्ट्झला १/५० किंवा १/१०० धरून बऱ्यापैकी सुटका होते. नाही तर टाळ्यांची वाट पाहायची आणि गडगडाटात खटॅक उरकून घ्यायचं. काका म्हणे हल्ली टाळ्या स्वतःच सुरू करतात.

शिष्टाचाराबद्दल बोलायला लागलो तर रात्र पुरणार नाही. कॅमेऱ्याच्या पुढच्या अंगाला एक मदतनीस दिवा असतो. फोकस सापडेना की तो आपणहून पेटतो. तो बंद न करता एक बहाद्दर मैफलीत गेला आणि आलापाच्या ऐन मध्यात बुवांच्या नाकावर नारिंगी ठिपका उमटला. प्रत्येक फोटोनंतर मागचा पडदा उजळवून बघणाऱ्यांची एक वेगळी जमात आहे. त्यांच्या मागे बसणाऱ्याला गाण्याऐवजी गाण्याचे फोटो बघावे लागतात. आणि रचना म्हणाल, तर माइकमागे गडप झालेलं तोंड, डोक्यातून उगवलेला तंबोरा, मांडीशी पाण्याचा थर्मास आणि मागे जांभई देणारा शिष्य हा कौटुंबिक संच ठरलेला. सुधारलेले लोक समोर बसतच नाहीत. ते थोडे बाजूला सरकतात, जिथून माइक ओठांपासून सुटतो आणि तंबोरा खांद्यामागे जातो. म्हणून सभागृहात पंचेचाळीस अंशांवरच्या खुर्च्यांसाठी मारामारी असते. आम्हाला इतके दिवस वाटायचं, तिथे पंखा चांगला लागतो.

कलाकार हे सगळं गोड मानून घेतात असं समजू नका. पियानोवादक कीथ जॅरेट यांचं प्रकरण जगजाहीर आहे. इटलीतल्या पेरुजा गावात, उंब्रिया जॅझ महोत्सवात, २००७ साली त्यांनी कॅमेरेवाल्या प्रेक्षकांना भर मंचावरून झाडलं. २०१३ साली पुन्हा तिथेच आले, पुन्हा कोणीतरी फोटो काढला, तेव्हा त्यांनी मंचावरचे दिवेच घालवले आणि अंधारात वाजवलं. घ्या, वाढवा आता आयएसओ!

पण हे व्यसन आजकालच्या पोरांनी आणलं असं कोणी म्हणत असेल, तर त्यांनी आधी विल्यम गॉटलिब यांची कुळकथा ऐकावी. हे 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये जॅझवर स्तंभ लिहायचे. वर्तमानपत्रानं छायाचित्रकाराचे पैसे द्यायला नकार दिला, तेव्हा या पठ्ठ्यानं स्पीड ग्राफिक नावाचा अवजड कॅमेरा घेतला आणि स्वतःच शिकला. फिल्म आणि फ्लॅशचे बल्ब महाग, त्यामुळे एका रात्री मोजकेच फोटो. गाण्यातला नेमका क्षण ओळखूनच बटण दाबायचं. त्यांनी १९४७ साली टिपलेली, मान मागे टाकून गाणारी बिली हॉलिडे आज जगभर लोकांच्या भिंतींवर आहे. पुढे त्यांचा सगळा संग्रह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं घेतला. कंजूष संपादक काय काय घडवू शकतो पाहा. त्याच सुमाराला छायाचित्रकार हर्मन लेनर्ड क्लबातल्या सिगारेटच्या धुरावर मागून दिवा मारत होते. १९४८ चा त्यांचा सॅक्सोफोनवाला डेक्स्टर गॉर्डन अजून धुराच्या लोटात बसला आहे. आता धूम्रपानाला बंदी, म्हणून मंचावर धुराची यंत्रं लावतात. व्यसन सुटलं, धूर सुटला नाही.

आपल्याकडेही जुने 'गुन्हेगार' थोडे नाहीत. पुण्याच्या सतीश पाकणीकरांनी फिल्मच्या काळापासून शास्त्रीय संगीतातल्या दिग्गजांच्या मुद्रा टिपल्या, त्यांची प्रदर्शनं झाली, कॅलेंडरं निघाली. रघू राय यांनी दिग्गज गायक-वादकांवर आख्खं पुस्तक केलं. त्या काळी रिळात छत्तीस फोटो आणि चारशेची फिल्म. ती सोळाशेची मानून वापरायची आणि रसायनात जास्त वेळ ठेवून तिच्याकडून काम काढून घ्यायचं. फोटो आला की नाही हे कळणार धुतल्यावर. आमचे काका एका मैफलीत आठशे काढतात, रात्री दोनपर्यंत जागून त्यातले पाच ठेवतात आणि सकाळी म्हणतात, "पाचही नाही जमले." काकू म्हणतात, "निदान झोप तरी."

इथवर सगळं चेष्टेवारी नेण्यासारखं होतं. खरं प्रकरण पुढेच आहे, आणि ते आम्हाला महोत्सवाच्या मंडपात कळलं.

तिथे एक मुलगी येते. कॉलेजातली, केस कसेही बांधलेले, कॅमेरा कोणाकडून तरी जुना घेतलेला, लेन्स तीच पन्नासची. एका जागी बसते. बडा ख्याल सुरू झाला तरी कॅमेरा मांडीवरच. आम्हाला वाटलं, बॅटरी संपली असेल. मग बोटांकडे लक्ष गेलं. पोरगी मात्रा मोजत होती! विलंबित एकताल, बारा मात्रा, आवर्तन इतकं सावकाश की समेला, म्हणजे पुन्हा पहिल्या मात्रेवर, यायला मिनिटभर लागावं. अकराव्या मात्रेच्या सुमाराला कॅमेरा डोळ्याशी गेला, गायकाचा हात वर गेला, समेवर खाली आला, तबलजीनं मान डोलावली, आणि एक खटॅक. एकच. नंतर पुन्हा कॅमेरा मांडीवर.

आम्ही मध्यंतरात तिला गाठलं आणि उलटतपासणी घेतली. तिचं म्हणणं असं: अंधारात शटर फार वेगात ठेवता येत नाही, १/१२५ मिळालं तरी नशीब. हलता हात त्यात फाटतोच. पण हात वर जाऊन परत फिरतो त्या टोकावर तो क्षणभर थांबतो. मान झटकली की झटक्याच्या शेवटी थांबते. तेवढ्या क्षणात १/६० सुद्धा पुरतं. आता तो क्षण डोळ्यांनी बघून बटण दाबायला जाल तर उशीर झालेला असतो, तो आधीच माहीत असायला हवा. आणि तो माहीत होतो कानांना. तिहाई सुरू झाली की तिसरा तुकडा समेवर पडणार. गायकानं तान वरच्या षड्जाकडे नेली की भुवया वर जाणार. तीनतालात नवव्या मात्रेला, खालीला, तबल्याचा भरणा हलका झाला की कलाकार साथीदाराकडे बघणार, कदाचित हसणार. तंतुवादकानं 'झाला' सुरू केला तर हात गोठवायचा नाद सोडायचा, बोटं फाटू द्यायची आणि चेहरा तेवढा धारदार ठेवायचा.

म्हणजे पाहा कारस्थान कसं आहे! माणूस फोटो चांगले यावेत म्हणून लेन्स घेतो, मग महागडी लेन्स घेतो, मग दाणे काढणारं सॉफ्टवेअर घेतो. तरी त्याचे फोटो त्या जुन्या कॅमेऱ्यावाल्या मुलीच्या पासंगाला पुरत नाहीत. हताश होऊन तो कारण शोधू लागतो आणि हळूहळू ताल मोजायला लागतो. आज टाळी-खाली, उद्या रागाची वेळ, परवा घराण्याची लकब: कोण डोळे मिटून गातो, कोण समोरच्याला हात करून. तो फोटोच्या नावाखाली गाणं शिकतोय, आणि घरच्यांना वाटतंय की बिचारा निरुपद्रवी छंद करतोय! आमच्या काकांचंच घ्या. चाळीस वर्षं सवाईला जाऊन मिसळ आणि ओळखीपाळखी एवढंच करत आलेला हा माणूस परवा लिफ्टमध्ये म्हणाला, "कालच्या बाई समेला फार सुंदर येतात, पण अतीतानं येतात, म्हणून माझं पाव मात्रेनं चुकत होतं." लिफ्टमध्ये! लहान मुलं होती सोबत.

ताल नसलेल्यांच्या बाजूला हे होत नसेल, असं आम्हाला वाटलं होतं. २०१० पासून पुण्यात वीकेंडर नावाचा जो रॉकवाल्यांचा मेळा भरू लागला, तिथल्या एकाला विचारलं. तिथे मंचासमोरच्या कठड्याच्या आत उभं राहायला मिळालंच, तर जगभरातला रिवाज एकच: पहिली तीन गाणी, फ्लॅश बंद, मग चालते व्हा. तिसऱ्या गाण्यापर्यंत गायकाला घामही नीट आलेला नसतो. हा मुलगा म्हणतो, पहिल्या गाण्यात तो कॅमेरा उचलायचीच घाई करत नाही. दिवे कोणत्या ठोक्यावर फिरतात, ड्रमरवर उजेड कधी पडतो, गायक कोणत्या ओळीला माइकपासून मागे सरकतो, ते बघतो. ध्रुवपदाला सगळं पुन्हा घडतं. म्हणजे तिथेही समच. फक्त तिला सम म्हणत नाहीत आणि कानात बोळे घालतात.

आता शेवटची फोडणी, कारण ही मात्र गंमत नाही. या मंडळींचे फोटो कलाकारांच्या पानावर झळकतात, कार्यक्रमाच्या फलकांवर चढतात, आणि खाली नाव? नाव आयोजकाचं, प्रायोजकाचं, मिठाईवाल्याचं. रात्र जागून, आजींचे डोळे चुकवून फोटो काढला त्याचं नाव कातरून टाकलेलं. वर "हौशी आहात ना, मग पैसे कसले?" हा प्रश्न. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा. कोणी मोबदला देऊन तो काढून घेतला नसेल, किंवा नोकरीचा भाग म्हणून काढलेला नसेल, तर हक्क साधारणपणे त्याचाच. हे हौशींना माहीत नसतं आणि आयोजकांना माहीत करून घ्यायचं नसतं. फुकट फोटो मिळतात म्हणून ज्यांचं पोट यावर आहे त्या छायाचित्रकारांना नकार जातो, तेव्हा हौशीचा उत्साहही पुरता निष्पाप राहत नाही. काकांना आम्ही हे ऐकवलं. त्यांनी वहीत टिपलं आणि दुसऱ्या दिवशी एका मंडळाला पत्र धाडलं, बँकेच्या जुन्या थाटात, "आपले लक्ष वेधण्यात येते की" असं सुरू होणारं. मंडळ अजून सावरलेलं नाही.

तेव्हा वाचकहो, घरात लक्षणं तपासा. नवरा टीव्हीवरच्या गाण्याला हातावर टाळी देत आकडे मोजतो का? मुलगी लग्नाच्या हॉलमध्ये शिरताच छताच्या दिव्यांकडे बघून नाक मुरडते का? सासरे "बाजूची खुर्ची दे" म्हणतात का? एक जरी उत्तर हो असेल तर वाढदिवसाला पन्नासची लेन्स देऊन टाका, नाही तर मागणी सत्तर-दोनशेची येईल. आणि देताना एक अट घाला: पहिलं आवर्तन कॅमेरा मांडीवर. मोडली तर समई मिळणार नाही.

येत्या डिसेंबरची आमची तिकिटं काढून झालीत. गाण्यासाठी नव्हे, गैरसमज नको. कोण कोणाच्या शेजारी पंचेचाळीस अंशांवर बसतं, ते कोणीतरी बघायला हवं ना.